टकटकणारी डिस्क आणि आबांचं एक वाक्य

त्या दिवशी फोनवर मी विचारलं, "एसएसडी घ्यायची तर वेग बघायचा की किंमत?" आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. थोरली म्हणाली, "आजी, तू काय गेमिंग करणार आहेस?" मीही हसले. पण मी का विचारतेय ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुमच्या आईच्या जिवाला घोर लागला असता. आता जे व्हायचं ते होऊन गेलंय. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आपल्या पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर तुम्ही पाहिलाय, खिडकीपासून दूर ठेवलेला, वर माझ्या जुन्या साडीचं झाकण. एका सकाळी मी तो सुरू केला आणि आतून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा टक. नखानं कोणी पत्रा वाजवावा तसा कोरडा आवाज. मी तशीच वाकून बटण दाबलं, तो बंद केला आणि प्लगसुद्धा काढून घेतला. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली की ती चालू ठेवायची नसते, हे मी इंग्रजीत वाचलेलं होतं. आत एक बारीक काटा फिरत्या तबकडीला घासू लागतो, आणि घासला तिथलं कायमचं जातं.

त्या तबकडीवर तुमचे फोटो होते, पण ते तुमच्या आईकडेही आहेत. मी घाईनं प्लग काढला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या डिस्कवर आबांचा आवाज होता.

धाकट्या, तू आबांना बोलताना ऐकलेलंच नाहीस. थोरलीनं ऐकलंय, पण ती तेव्हा मांडीवर मावेल एवढी होती. आबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं त्यात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ते गळ्याजवळच्या छिद्रातून श्वास घेतात, म्हणून तिथे सदैव रुमाल असतो. फुंकर निघत नाही, त्यामुळे शिट्टीही वाजवता येत नाही. त्यांनी काठीच्या मुठीला सायकलची घंटी बसवून घेतली आहे आणि खिशात लहान पाटी असते. घंटी वाजली की मी जाते. वाजली नाही की जास्त घाईनं जाते. ते न्हाणीघरात असताना मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकते. पडले, तर हाक कशी मारतील?

आवाजाचं रेकॉर्डिंग आम्ही काही आठवण म्हणून केलेलं नव्हतं. ते रोह्यांसाठी होतं. रोही म्हणजे नीलगाय. तुम्ही वावराच्या कडेला पाहिलेत, घोड्याएवढे. हरभरा हिरवा झाला की कळपच्या कळप येतो आणि खाण्यापेक्षा तुडवून जास्त घालवतो. आपल्या भागात त्यावर उपाय म्हणून माणसाचं ओरडणं रेकॉर्ड करतात आणि वावरात बॅटरीवरच्या भोंग्यातून पुन्हा पुन्हा लावून ठेवतात. आबांचा आवाज पहाडी. गावातले म्हणाले, काकाजींचाच भरा. मग एका दुपारी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीखाली मी फोन धरून उभी राहिले आणि आबा रिकाम्या वावराकडे तोंड करून ओरडले, "हाऽऽऽड! हुर्रऽऽ! निंगता का नाई बे! येऊ का तिकडे? हाऽऽऽड!" गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ओरडून झाल्यावर माझ्याकडे वळून साध्या आवाजात, घरातल्या आवाजात, दोन शब्द बोलले. ते वाक्य फोनमध्ये भरलं गेलं.

घरी कॉम्प्युटरवर मी ते ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "ते शेवटचं काढ वं. नाई तं रोह्यायले समजन, बुढा गेला घरी." मी शेवट कापून भोंग्यासाठी वेगळी प्रत केली. ती आपल्या वावरात लागली, शेजाऱ्यानं मागितली तर त्यालाही दिली. मूळ रेकॉर्डिंग माझ्या सवयीप्रमाणे एका फोल्डरमध्ये ठेवलं. त्याचं नाव "रोही, मूळ".

आबांचा दुसरा आवाज कुठेच नाही. तुमच्या आईच्या लग्नाच्या सीडीत बँड आहे, आबा पंगतीत वाढताना दिसतात, तोंड हलतं, ऐकू बँडच येतो. त्यांचा फोन साधा, बटणांचा. ज्या फोनवर मी ते भरलं तो पुढे विहिरीत पडला.

दवाखान्यातून घरी आलो ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. ओसरीवर आबा खुर्चीत, गळ्याला पट्टी, मी शेजारी. दिवेलागणीची वेळ. आणि शेजारच्या वावरातून आबा ओरडू लागले. "हाऽऽऽड! येऊ का तिकडे?" तो आवाज अंधारू लागलेल्या पिकावरून येत होता आणि त्याचा मालक माझ्याजवळ मुका बसला होता. मी त्यांचा हात धरला, हे इथेच आहेत ना ते बघायला. शेजारी दुसऱ्या दिवशी ओशाळून आला, "काकाजी, बंद करू का?" आबांनी पाटीवर लिहिलं, "रोही भेते ना? मंग राहू दे." आपल्या वावरातला भोंगा मात्र त्यांनी काढून टाकला आणि तिथे पत्र्याचे डबे बांधले.

म्हणजे रागावलेले आबा शेजारच्या वावरात सुरक्षित होते. माझ्याशी बोललेले आबा त्या एका डिस्कवर होते. मी ते ऐकत नसे. आबांना नको वाटेल म्हणून त्यांच्यासमोर नाही, आणि ते बाहेर गेले की माझाच धीर होत नसे. पण ते आहे, एवढं पुरत होतं. ऑपरेशनला नेताना ते मला म्हणाले होते, "चष्मा सांभाळ, दांडी ढिली हाय." शब्द पाठ आहेत. आवाज आठवायला गेले की हल्ली तो निसटतो, कधी माझ्या भावाचा होतो, कधी कोणाचाच नाही. डिस्क गेली तर तपासून बघायला काही उरणार नव्हतं.

जुन्या डिस्कच्या जागी बसवायची नवी डिस्क म्हणजे एसएसडी, ती कोणती घ्यायची ते मी वाचायला बसले. भीती वाटली की मी वाचते, तुमच्या आईला माहीत आहे. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर इंग्रजी लेख, तक्ते, लोकांचे अभिप्राय. सगळीकडे वेग. ही सेकंदाला इतकं वाचते, ती तिच्या कितीतरी पट. वेगवान होती ती महाग, आणि स्वस्त होती तिच्याखाली कोणीतरी रडलेलं असायचं: सगळं गेलं, काही सूचना नाही. तिथे मला एक गोष्ट कळली जिच्यामुळे झोप उडाली. जुनी डिस्क मरताना टकटक करते. या नव्या एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे बिघडली तर आवाज न करता जाते. काल होती, आज नाही. आणखी एकानं लिहिलं होतं की वीज न देता फार काळ कपाटात ठेवली तर ती आतलं हळूहळू विसरू शकते. म्हणजे जिच्यात आवाज ठेवायचा, ती अशी.

मी दोन दिवस तक्ते वाचतेय हे बघून आबांनी पाटी पुढे केली. "बैल घ्याचा तं दात पाहातो. याचं काय पाहून रायली?"

मी म्हटलं, "वेग आणि किंमत."

त्यांनी पुसून लिहिलं, "मंग बैलच घे."

त्यांना वाटत होतं मी फोटोंसाठी एवढी जिवाला लावून घेतेय. मी तसंच वाटू दिलं.

आता झालेली गोष्ट सांगते, त्यात आबांवर रागावू नका. नवी डिस्क जुन्या मशीनमध्ये कशी जोडतात ते बघायला मी झाकण काढलं आणि एकदाच, फक्त क्षणभर, मशीन सुरू केलं. टक. टक. पडदा काळाच. तेवढ्यात आबा वावरातून आले. आपल्या विहिरीवरच्या मोटरीची स्टार्टरची पेटी तुम्हाला आठवत असेल. ती अडकली की आबा बाजूला उभे राहून तिला एक बुक्की देतात आणि मोटर सुरू होते. अख्खं गाव असंच करतं. आबांनी कॉम्प्युटरचं टकटकणं ऐकलं, काठी भिंतीला टेकवली आणि मी "अहो" म्हणेपर्यंत त्या डब्याला कुशीत बुक्की हाणली.

टकटक थांबली. पंखा फिरत होता, पण डिस्कचा काहीच आवाज येईना. मी खाटेच्या कडेवर बसले ती उठवेना. माझं तोंड बघून त्यांनी लिहिलं, "मोटर अशीच चालू होते." त्यांनी ते पुसलं. "चुकलं का?" मग तेही पुसलं आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंगरूळपीरला, कॉम्प्युटरच्या दुकानात जायला निघालो. कॉम्प्युटर सतरंजीत गुंडाळून मी मांडीवर घेतला. जीपचा प्रत्येक खड्डा मला दातांत जाणवत होता. समोर मेथीच्या गठ्ठ्यांवर पाय ठेवून एक बाई बसली होती, बाजाराला निघालेली.

"काय वं काकू, गणपती बसवाले चालल्या का? अशा धरून रायल्या."

"कॉम्प्युटर आहे. आजारी आहे."

"अन् काकाजी काहून गुमसुम? भांडन झालं का?"

आबांनी काठीवरची घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

"अवं माय! कुल्फीवाले हायेत का हे?" सगळी जीप हसली. आबांचे खांदेही हलले. ते तसेच हसतात आता. मग त्या बाईनं त्यांच्या गळ्याचा रुमाल पाहिला. ती हसायची थांबली, आपला एक गठ्ठा सरकवून मला म्हणाली, "डबं यावर ठेवा, मेथी दबली तं दबली. धक्का नाई बसनार." पुढची वाट कॉम्प्युटर मेथीवर बसून गेला.

बसस्टँडजवळच्या दुकानातला माणूस पन्नाशीचा, बोलका. मी जुन्या डिस्कचं सांगत असतानाच त्यानं काउंटरवर तीन खोकी मांडली.

"हे पाहा काकू. हे बुलेट. डोया मिटाच्या आत मशीन चालू."

"माझ्या मशीनमध्ये बसते का ती?"

"नाई बसत."

"मग दाखवता कशाला?"

"नवं मशीन घ्यान तवा कामी येईन ना."

आबांनी पाटीवर लिहून त्यालाच दाखवलं, "तुले बजारात वांगे विकाले बसवलं पाह्यजे." तो खो खो हसला. "काकाजी लय खतरनाक हायेत!"

दुसरं खोकं मध्यम किमतीचं, ओळखीच्या कंपनीचं, माझ्या मशीनला चालणारं. तिसरं एकदम स्वस्त. त्यावरचं लेबल जरा तिरपं होतं. खोक्यावर मोठा आकडा आणि आत चिमूटभर जागा, अशा खोट्या डिस्क विकतात हे मी वाचलेलं होतं. नवं भरत जातं तसं मागचं पुसत जातं आणि ते सांगतही नाही. मी ते खोकं बोटानं दूर सारलं.

"महागडीची वॉरंटी जास्त आहे?"

"हाय ना. बिघडली तं कंपनी बदलून देते."

"आणि आतलं?"

"आतलं कोन देईन काकू? वॉरंटी डब्याची राह्यते."

मला सगळं समजत होतं. माझ्या मशीनचं तोंडच अरुंद, तिथे बुलेटचा वेग वाया. आणि नवी डिस्क कितीही पळो, मरायला टेकलेली जुनी जेवढं देईल तेवढंच ती घेणार. तरीही माझा हात त्या महागड्या खोक्याकडेच जात होता. आबांच्या ऑपरेशनच्या वेळी नागपूरच्या दवाखान्यातही असंच झालं होतं. जिथे भीती असते तिथे महाग ते खात्रीचं वाटतं. मी हात मागे घेतला.

"ही मधली द्या. दोन द्या."

"दोन? एकाच मशीनले?"

"एक इथे राहील. एक फार लांब जाईल."

बुलेटच्या किमतीत त्या दोन्ही बसल्या.

मग त्यानं आमची जुनी डिस्क काढली, एका वायरनं त्याच्या मशीनला जोडली आणि म्हणाला, "पह्यलेच सांगतो. उठली तं नशीब. अन् उठली का बंद नाई कराची. पुन्ना उठन का नाई, भरोसा नाई." त्यानं बटण दाबलं. काहीच नाही. वायर काढून पुन्हा लावली. आबा स्टुलावर, काठी दोन्ही हातांत घट्ट. कदाचित पुन्हा बुक्की मारावीशी वाटू नये म्हणून. तिसऱ्यांदा आत काहीतरी घरघरलं, टक झालं, आणि पडद्यावर माझे फोल्डर उघडले, मी लावले होते त्याच क्रमानं.

"लवकर सांगा काकू. पह्यलं काय काढू?"

आता लपवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "त्या फोल्डरमध्ये एक आवाजाची फाइल आहे. 'रोही, मूळ'."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पडद्यावरची हिरवी पट्टी बघत होते. ती सरकली, सरकली, आणि शेवटाजवळ येऊन थांबली. टक. टक. टक. बाहेर जीपवाले गिऱ्हाइकांना ओरडत होते. तेवढ्यात वीज गेली. टेबलाखालचा बॅटरीचा डबा पिपाणीसारखा वाजू लागला, मशीन चालूच राहिलं. मी काउंटर धरला. काठीची घंटी एकदाच हलकी वाजली. आबा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"शेवटाले अडकली," दुकानदार म्हणाला. "थोडकं राह्यलं. ते सोडून देऊ का? नाई तं सगळीच जाईन."

शेवटचं थोडकं. मला जे हवं होतं ते शेवटीच होतं. मी म्हटलं, "आणखी एकदा बघा."

त्यानं बघितलं. पट्टी केसभर पुढे गेली. मग डिस्कमधून करकर असा आवाज आला, दगडावर विळा घासल्यासारखा, आणि तो म्हणाला, "सोडा काकू आता." मी मान हलवली. जेवढं आलं तेवढं नव्या डिस्कवर उतरलं. त्यानंतर ती जुनी डिस्क पुन्हा उठली नाही. तुमचे फोटोही त्यात गेले, ते तुमच्या आईकडून मागवीन.

"ऐकून पाहा, उघडते का," असं म्हणून त्यानं आम्हाला न विचारता ती फाइल लावली.

"हाऽऽऽड! हुर्रऽऽ! निंगता का नाई बे!" दुकानभर आबा ओरडले. झेरॉक्सला आलेल्या दोन मुली दचकून मागे सरल्या, दारातलं कुत्रं उठून पळालं. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "बापा! कोन हाय हा?" मी आबांकडे बोट केलं. त्यानं त्यांच्या गळ्याच्या रुमालाकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला.

ओरडणं संपलं. वाऱ्याची सळसळ आली, बाभळीची. मग अगदी जवळून, जसे रोज बोलत तसे, आबा मला म्हणाले, "झालं का वं?"

आणि पुढे काही नाही. फाइल तिथे संपली.

मी मागे वळले. आबांचे ओठ हलत होते. पुढचे शब्द ते बिनआवाजी बोलत होते, आणि मी ते ओठांवरून वाचत होते. "बंद कर आता." त्याच्यापुढेही त्यांचे ओठ थोडे हलले, पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला नीट दिसलं नाही.

परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, "बंद कर आता, चहा टाक. असंच म्हणाला होतात ना?"

आबांनी पाटी काढली. जीप हलत असल्यानं अक्षर वाकडं आलं. "चहा नाई म्हनलो. भूक लागली म्हनलो."

"नाही हो. चहा. मी घरी येऊन चहाच टाकला होता."

"म्याच बोल्लो ना? भूक."

मी वाद घातला नाही. पण तेव्हापासून मला नवी भीती लागली आहे. मी खात्रीनं चहा ऐकलेला आहे, ते खात्रीनं भूक म्हणाले आहेत, आणि आमच्यात कोण खरं ते सांगणारी तबकडी संपली. पाठ आहेत म्हणून जे शब्द मी जपत होते, त्यांतले किती खरे असतील? चष्म्याची दांडी तरी ढिली होती का? मी ते आबांना विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

दुसरी एसएसडी तुमच्या आईच्या नावानं पाठवतेय. ओरडण्याला घाबरू नका, ते रोह्यांसाठी आहे. शेवटपर्यंत ऐका. ती कपाटात ठेवून विसरू नका, मधूनमधून जोडत जा, तिला वीज लागते. "झालं का वं?" नंतर आवाज बंद होईल. त्यानंतर आबा म्हणाले होते, "बंद कर आता, चहा टाक."

आबा शेजारी बसून हे वाचतायत आणि घंटी वाजवतायत. बरं, तेही लिहिते. आबांच्या म्हणण्याप्रमाणे, "बंद कर आता, भूक लागली."